ब्रिक लेनचं ‘बळकावलेलं’ चर्च: त्या फॉरवर्डला उत्तर

लंडनच्या ईस्ट एंडमधल्या एका विटकरी इमारतीचा फोटो मराठी व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा पुन्हा फिरतो. शेजारी स्टीलचा चकचकीत मिनार आणि खाली मजकूर. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच राहतं: १७४३ साली इंग्रजांनी बांधलेलं चर्च मुसलमानांनी बळकावून त्याची मशीद केली. पूर्वी शांत आणि सुखवस्तू असलेल्या या वस्तीतून मूळच्या इंग्रजांना हुसकावून लावलं. रस्त्यांच्या पाट्या अरबीत झाल्या. लंडनमध्ये ५०० चर्च बंद पडली आणि ४२३ मशिदी उभ्या राहिल्या. आज गोरा माणूस तिथे पाय ठेवायला धजत नाही. शेवटी ‘जागे व्हा, पुढचा नंबर आपला’ असा इशारा.

इमारत खरी आहे. स्पिटलफील्ड्स नावाच्या वस्तीत, ब्रिक लेन आणि फोर्नियर स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर ती उभी आहे. १७४३ हे साल खरं, आणि आज तिथे मशीद आहे हेही खरं. मधली सव्वादोनशेहून जास्त वर्षं मात्र मजकुरातून गाळली आहेत, आणि सगळा खोटेपणा त्या गाळण्यात आहे.

‘इंग्रजांचं चर्च’

हे चर्च फ्रेंचांनी बांधलं. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंट पंथीयांना ह्यूगेनॉट म्हणत. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने त्यांना उपासनेची मोकळीक मिळाली होती. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये ते फर्मान रद्द केलं. त्यांची प्रार्थनास्थळं पाडायचा हुकूम निघाला, धर्मगुरूंना देशाबाहेर काढलं आणि सामान्य माणसांना देश सोडायलासुद्धा मनाई केली. तरी लोक जीव मुठीत धरून पळाले. इंग्लंडमध्ये पोचलेल्यांचा अंदाज पन्नास हजारांच्या घरात केला जातो. त्यातले रेशीम विणणारे मोठ्या संख्येने स्पिटलफील्ड्सला आले, कारण ही जागा लंडन शहराच्या वेशीबाहेर होती. जमीन स्वस्त होती आणि शहरातल्या कारागीर संघांचा वचक इथे कमी होता.

फोर्नियर स्ट्रीट, प्रिन्सलेट स्ट्रीट, हॅनबरी स्ट्रीट या गल्ल्यांमध्ये त्या काळातली घरं आजही उभी आहेत. रस्त्यावरून मान वर करून पाहिलं की सगळ्यात वरच्या माळ्यावर जवळजवळ भिंतभर रुंद खिडक्या दिसतात. मागावर बसणाऱ्याला जास्तीत जास्त वेळ उजेड मिळावा म्हणून त्या तशा ठेवल्या आहेत. काही घरांबाहेर सूत गुंडाळायचं मोठं लाकडी रीळ टांगलेलं असतं, विणकरांची आठवण म्हणून. या लोकांनी १७४३ मध्ये कोपऱ्यावर चर्च बांधलं आणि त्याला आपल्या भाषेत ‘नवं चर्च’ म्हटलं. थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या जुन्या फ्रेंच चर्चशी ते जोडलेलं होतं आणि तिथली उपासना फ्रेंचमध्ये चाले. म्हणजे फॉरवर्डमध्ये ज्यांना ‘मूळचे’ म्हटलं आहे ते परदेशातून पळून आलेले निर्वासित होते. त्यांच्या वेगळ्या भाषेबद्दल, वेगळ्या जेवणाबद्दल आणि कमी मजुरीत काम करण्याबद्दल त्या वेळचे इंग्रज शेजारी तक्रारच करत होते.

मग इंग्रजांचं चर्च कुठे होतं? त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. निकोलस हॉक्समूरने आराखडा केलेलं क्राइस्ट चर्च १७१४ मध्ये बांधायला घेतलं आणि १७२९ मध्ये पूर्ण झालं. लंडनच्या वाढत्या वस्त्यांसाठी ५० नवी चर्च उभारण्याचा कायदा संसदेने १७११ मध्ये केला होता, त्यातलं हे एक. वस्तीचं अधिकृत पॅरिश चर्च हेच. विसाव्या शतकात ते मोडकळीला आलं होतं, १९५७ च्या सुमारास धोकादायक म्हणून बंदही ठेवावं लागलं. लोकांनी वर्गणी आणि अनुदानं गोळा करून त्याची दुरुस्ती केली आणि ती २००४ मध्ये पूर्ण झाली. आज तिथे नियमित उपासना होते. फोर्नियर स्ट्रीट काही मिनिटांत चालून संपते: एका टोकाला हे चर्च, दुसऱ्या टोकाला ती मशीद. फॉरवर्डच्या फोटोत चर्चचं टोक कधीच नसतं.

‘बळकावून मशीद केली’

हा आरोप सगळ्यात गंभीर आहे, म्हणून सावकाश पाहू.

ह्यूगेनॉटांची नातवंडं-पतवंडं इंग्रजी बोलू लागली. इंग्रज घराण्यांशी सोयरिकी जुळल्या, हातात पैसा आला तशी कुटुंबं ईस्ट एंड सोडून गेली. फ्रेंच प्रवचन ऐकायला माणसं उरेनात. १८०९ मध्ये ही इमारत एका ख्रिस्ती मिशनकडे गेली. लंडनमधल्या ज्यूंना ख्रिस्ती करून घेणं हे त्या मिशनचं काम होतं. दहा वर्षांत मिशनने जागा सोडली आणि १८१९ पासून तिथे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं प्रार्थनामंदिर सुरू झालं. ते जवळजवळ ऐंशी वर्षं चाललं.

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ल्यांची लाट उसळली. तिथून आणि पोलंडच्या भागातून हजारो कुटुंबं बोटींनी लंडनच्या धक्क्यांवर उतरली आणि धक्क्यांजवळच्या स्वस्त खोल्यांमध्ये राहू लागली. शिवणकाम, टोप्या, जोडे, फर्निचर, सगळे हातावरचे धंदे. त्यातला एक कर्मठ गट मांसाच्या कोशर, म्हणजे ज्यू धर्मातल्या खाण्याच्या, नियमांवरून लंडनच्या प्रस्थापित ज्यू नेतृत्वाशी भांडून वेगळा झाला होता. त्याचं नाव माखझिके हदास. मेथडिस्टांची वास्तू या गटाने घेतली आणि १८९८ मध्ये तिथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सुरू केलं. ज्यूंचं धर्मांतर करायला बसलेल्या मिशनची जागा पुढे लंडनमधल्या सगळ्यात कर्मठ ज्यूंकडे आली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा अख्खा अध्याय ठाऊक नाही किंवा नको आहे.

पुढे ज्यूंचंही तेच झालं. मुलं शिकली, धंदे वाढले, कुटुंबं गोल्डर्स ग्रीन, हेंडन, स्टॅमफर्ड हिल अशा उत्तरेकडच्या उपनगरांत गेली. माखझिके हदास आज गोल्डर्स ग्रीनमध्ये आहे. मागे राहिलेली इमारत रिकामी पडली. ती बांगलादेशी समाजाने विकत घेतली आणि १९७६ मध्ये मशीद सुरू झाली. यात दंगल नाही, अतिक्रमण नाही, कुणाला दाराबाहेर काढणं नाही. एक समाज निघून गेला आणि दुसऱ्याने पैसे मोजून जागा घेतली, असं या इमारतीच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडलं. १९७६ मध्ये विकलं गेलं ते सिनेगॉग होतं, चर्च नव्हे. तिथलं शेवटचं ख्रिस्ती प्रार्थनामंदिर एकोणिसाव्या शतकातच बंद झालं होतं.

ही एकच इमारत अपवाद असती तर गोष्ट वेगळी. पण जवळच सँडीज रो नावाच्या गल्लीत आणखी एक ह्यूगेनॉट चर्च होतं, १७६६ सालचं. ते डच ज्यूंनी घेतलं, १८७० मध्ये त्याचं सिनेगॉग झालं आणि ते अजून चालू आहे. प्रिन्सलेट स्ट्रीटवर १७१९ मध्ये बांधलेल्या एका घराच्या मागच्या बागेत १८६९ मध्ये सिनेगॉग उभं राहिलं. फ्रेंच चर्चचं ज्यू सिनेगॉग झालं त्याबद्दल ‘बळकावलं’ असा फॉरवर्ड कुणी पाठवलेला मी पाहिलेला नाही.

फोटोतल्या मिनाराबद्दलही सांगायला हवं, कारण सगळा परिणाम त्याच्यावर उभा आहे. तो २००९ मध्ये उभारला, सुमारे २९ मीटर उंच आहे आणि मूळ इमारतीवर चढवलेला नाही. शेजारी पदपथाच्या कडेला तो स्वतंत्र खांबासारखा उभा आहे. फोटो खालून आणि जवळून काढला की चर्चच्या डोक्यावर मिनार बसवल्यासारखा भास होतो. ही इमारत संरक्षित वारसा वास्तू आहे, तिच्या दर्शनी भागात मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. फोर्नियर स्ट्रीटच्या बाजूला, वरच्या त्रिकोणी भिंतीत ह्यूगेनॉटांनी बसवलेलं छायायंत्र, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ, आहे. त्यावर १७४३ हे साल आणि ‘उम्ब्रा सुमुस’, म्हणजे ‘आम्ही सावली आहोत’, हे लॅटिन शब्द आहेत. मेथडिस्टांनी ते काढलं नाही, ज्यूंनी काढलं नाही, मुसलमानांनीही काढलं नाही. फॉरवर्डमध्ये आलेलं १७४३ हे साल कुणालाही वाचता येतं ते या सगळ्यांनी ते जपलं म्हणून.

‘पूर्वी शांत, सुखवस्तू वस्ती’

हा दावा एका वाक्यात येतो आणि निघून जातो, पण तो वाचून मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण या वस्तीत जे भोगलं गेलं ते सगळं त्यात पुसलं जातं.

स्पिटलफील्ड्सचे विणकर कायम पोटाच्या काळजीत असत, आणि त्यांच्या काळजीत हिंदुस्थानचाही वाटा होता. ईस्ट इंडिया कंपनी सुरत, कोरोमंडल किनारा आणि बंगालहून छापील सुती कापड नेत होती. ते स्वस्त, हलकं, धुतलं तरी रंग न जाणारं. लंडनच्या बायकांनी ते उचलून धरलं आणि रेशीम-लोकरीचे माग बसले. १६९७ मध्ये विणकरांनी कंपनीच्या कचेरीवर चाल केली. १७०० च्या कायद्याने छापील कापडाची आयात रोखली, तरी साधं कापड आणून इंग्लंडमध्ये छापायची पळवाट राहिली. १७१९ मध्ये विणकरांचे जमाव रस्त्यात आपल्याकडच्या छिटाचे कपडे घातलेल्या बायकांना गाठून ते अंगावरून फाडू लागले, त्यांच्यावर शाई आणि तेजाब फेकू लागले. १७२१ मध्ये संसदेने असं बहुतेक कापड वापरण्यावरच बंदी घातली, ती १७७४ पर्यंत टिकली. आपल्या कारागिरांच्या हातच्या मालाने लंडनच्या या गल्ल्या पेटल्या होत्या, ही गोष्ट मराठी वाचकाला कुणीतरी सांगायला हवी होती.

मजुरीवरून झालेल्या भांडणात विणकर रात्री एकमेकांच्या मागांवरचं रेशीम कापत. १७६९ च्या डिसेंबरमध्ये त्यापायी जॉन डॉइल आणि जॉन व्हॅलिन या दोघांना शेजारच्या बेथनल ग्रीनमध्ये, लोकांच्या डोळ्यांदेखत फाशी दिलं. १७७३ मध्ये मजुरी ठरवून देणारा कायदा आला, १८२४ मध्ये तो उठवला गेला. १८६० मध्ये फ्रान्सशी करार होऊन फ्रेंच रेशमावरची जकात गेली आणि उरलासुरला धंदा बुडाला. मग खोली-खोलीत कुटुंबं कोंबली गेली, पथारीचं रात्रीपुरतं भाडं घेणारी लॉजिंग हाऊस निघाली. १८८८ मध्ये जॅक द रिपर नावाच्या खुन्याने ज्या बायका मारल्या त्या याच परिसरातल्या लॉजिंग हाऊसमध्ये राहणाऱ्या गरीब बायका होत्या. चार्ल्स बूथच्या १८८९ च्या दारिद्र्य-नकाशात इथल्या कित्येक गल्ल्या काळ्या आणि गडद निळ्या रंगात आहेत. सर्वांत हलाखीच्या वस्त्यांसाठी ते रंग होते. तेव्हा इथे एकही मशीद नव्हती.

‘मूळच्या इंग्रजांना हुसकावलं’

आकडे पाहा. स्पिटलफील्ड्स ज्या स्टेप्नी बरोत, म्हणजे लंडनच्या पालिका विभागात, होतं, तिथली लोकसंख्या १९०१ मध्ये तीन लाखांच्या आसपास होती. १९५१ मध्ये ती लाखाच्या आत आली. दोन तृतीयांश माणसं गेली, आणि ती बांगलादेशी कुटुंबं मोठ्या संख्येने येण्याच्या आधी गेली. कारणं उघड आहेत. हिटलरच्या विमानांनी गोदी आणि तिच्या भोवतीच्या वस्त्या होरपळून काढल्या. १९४३ च्या लंडन आराखड्याने ईस्ट एंडची दाटी कमी करून लोकांना बाहेर वसवायचं ठरवलं. सेंट कॅथरिन्स आणि लंडन डॉक या गोद्या साठच्या दशकाच्या शेवटी बंद पडल्या, रोजगार गेला.

या भागातलं एक चर्च खरोखर नाहीसं झालं. व्हाइटचॅपलचं सेंट मेरी चर्च १९४० च्या डिसेंबरमध्ये बॉम्बहल्ल्यात जळालं आणि १९५२ मध्ये त्याचे अवशेष पाडले. त्याच्या जागेवर आज बाग आहे. तिचं नाव अल्ताब अली पार्क.

अल्ताब अली हा कपड्याच्या कारखान्यात काम करणारा तरुण बांगलादेशी कामगार. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी कामावरून घरी जाताना या बागेजवळ, ॲडलर स्ट्रीटवर त्याला भोसकून मारलं. त्या काळात ब्रिक लेनच्या वरच्या टोकाला नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी अतिउजव्या पक्षाचे लोक उभे राहून आपलं वर्तमानपत्र विकत, बंगाल्यांच्या दुकानांच्या काचा फुटत. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसं त्याच्या शवपेटीमागून हाइड पार्कपर्यंत चालत गेली. पुढे २४ एप्रिल १९९९ ला एका नव-नाझीने ब्रिक लेनमध्ये खिळ्यांचा बॉम्ब फोडला आणि १३ जण जखमी झाले. त्याआधी ४ ऑक्टोबर १९३६ ला ब्रिटिश फॅसिस्ट नेता ऑस्वल्ड मोझलीच्या काळे सदरे घालणाऱ्या अनुयायांचा मोर्चा ईस्ट एंडच्या ज्यू वस्तीत घुसणार होता. ज्यू, आयरिश गोदी कामगार आणि डावे यांनी केबल स्ट्रीटवर अडथळे रचून तो थांबवला. हुसकावण्याचे प्रयत्न या भागात झाले, पण ते कुणी कुणावर केले हे फॉरवर्डमध्ये उलटं सांगितलं आहे.

बंगाली इथे अचानकही उगवले नाहीत. ब्रिटिश जहाजांवर हिंदी खलाशी अठराव्या शतकापासून लंडनला येत होते. कलकत्त्याहून निघणाऱ्या आगबोटींच्या बॉयलरखान्यात कोळसा टाकणारे बरेच आगवाले आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेटचे असत. मुंबईहून निघणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर डेकची कामं करायला रत्नागिरीचे कोकणी खलाशी, त्यांच्यावर त्यांचेच सारंग आणि तांडेल. पाहुण्यांच्या दिमतीला गोव्याचे लोक. याच खलाशांसाठी १८५७ मध्ये ईस्ट एंडमधल्याच लाइमहाऊसला निवारा उघडला होता. १८९५ मध्ये तर ब्रिक लेनला खेटून असलेल्या बेथनल ग्रीनच्या ईशान्य मतदारसंघातून मुंबईचे पारशी मंचरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे संसदेत निवडून गेले आणि १९०६ पर्यंत खासदार राहिले. त्यांना मतं देणारे ईस्ट एंडचे इंग्रज कामगारच होते.

‘पाट्या अरबीत’

पाट्या इंग्रजी आणि बंगालीत आहेत. देवनागरी वाचणाऱ्या माणसाला वरची रेघ पाहून हे एका नजरेत कळायला हवं. आपली भाषा सोडणार नाही म्हणून १९५२ च्या २१ फेब्रुवारीला ढाक्यात ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांच्या शहीद मिनाराची लहान प्रतिकृती अल्ताब अली पार्कमध्ये आहे. उर्दू लादायला निघालेल्या पाकिस्तानविरुद्धचा तो लढा होता. त्या लोकांच्या लिपीला अरबी म्हणणं म्हणजे त्यांच्या सगळ्या इतिहासावर बोळा फिरवणं.

‘५०० चर्च बंद, ४२३ मशिदी सुरू’

हे आकडे २०१७ पासून इंग्रजीतून फिरत आहेत. मूळ मजकुरातही या ५०० चर्चच्या मशिदी झाल्या असं नव्हतं, त्यांची खासगी घरं झाली असं होतं. भाषांतर होता होता दोन आकडे जवळ आले आणि एक दुसऱ्याचं कारण झाला. शिवाय नवी चर्च किती उघडली हे कुणी मोजलंच नाही. २०१२ च्या लंडन चर्च गणनेनुसार २००५ ते २०१२ या सात वर्षांत शहरात सुमारे ७०० चर्चची भर पडली आणि उपासनेला येणारे सव्वासहा लाखांच्या आसपास होते ते सव्वासात लाखांच्या जवळ गेले. ही वाढ मोठ्या प्रमाणात आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या स्थलांतरितांमुळे झाली. त्यांची चर्च जुन्या सिनेमागृहांत, गोदामांत, शाळांच्या सभागृहांत भरतात, म्हणून टोकदार मनोरे शोधणाऱ्याला ती दिसत नाहीत.

‘गोरा माणूस पाय ठेवत नाही’

ब्रिक लेन आज ज्यात येते त्या टॉवर हॅम्लेट्स बरोत २०२१ च्या जनगणनेनुसार मुस्लिम ३९.९ टक्के आहेत. संख्या मोठीच आहे, ती लपवायचं कारण नाही. इथल्या राजकारणावर टीका करायलाही जागा आहे: महापौर लुत्फुर रहमान यांची २०१४ ची निवडणूक गैरप्रकार आणि मतदारांवरच्या धार्मिक दबावाच्या कारणावरून २०१५ मध्ये न्यायालयाने रद्द केली, आणि २०२२ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. यावर जरूर वाद घालावा. त्यासाठी १७४३ च्या चर्चची खोटी गोष्ट लागत नाही.

आणि गोरा माणूस? रविवारी ब्रिक लेनवर त्यांचीच गर्दी असते, जुने कपडे, रेकॉर्डी, कॉफी आणि बेगल यांसाठी. ह्यूगेनॉटांच्या घरांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडे गेल्या आहेत. ज्यांनी वस्ती बळकावली असं सांगितलं जातं, त्या बांगलादेश्यांची करी हाऊस २००५ च्या आसपास इथे साठेक होती. २०२० मध्ये २३ उरली. भाडी वाढली, मुलांना वडिलांचा भटारखाना नको झाला, व्हिसाचे नियम कडक झाले. ब्रिक लेनवरच्या जुन्या ट्रूमन ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, आवारात कार्यालयं आणि दुकानं बांधायच्या योजनेला २०२१ मध्ये हजारो हरकती आल्या. तरी कौन्सिलने परवानगी दिली. तेव्हा विरोधात एका बाजूला बंगाली रहिवासी आणि दुकानदार होते, आणि त्यांच्या जोडीला १९७७ पासून ह्यूगेनॉटांची घरं पाडण्यापासून वाचवत आलेला स्पिटलफील्ड्स ट्रस्ट. परवानगीविरुद्ध न्यायालयात गेला तो हा ट्रस्टच.